थंडीच्या पहाटे धावायला उठायचं कसं? एका नवशिक्या डॉक्टरचा अनुभव

डिसेंबर उजाडला की माझ्या दवाखान्यात दोन वाक्यं रोज ऐकू येतात. पहिलं, "मॅडम, खोकला जातच नाहीये." आणि दुसरं, "मॅडम, फिरायला जायचं ठरवलं होतं हो, पण थंडीत उठवतच नाही."

पहिल्यावर माझ्याकडे औषध असतं. दुसऱ्यावर मात्र बरीच वर्षं एक पाठ झालेलं भाषण होतं. व्यायाम करा, आळस सोडा, मनाचा निग्रह ठेवा वगैरे. हे भाषण देणारी मी स्वतः सकाळी साडेसातपर्यंत दुलईत असायचे.

यंदाच्या जानेवारीत, वयाच्या ४८व्या वर्षी, मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावले. ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. वेळ लागला ५ तास ५२ मिनिटं. माझ्या मागेही बरेच लोक होते, पण पुढे खूपच जास्त होते. त्यामुळे हा लेख वेगाने कसं धावावं याबद्दल नाही. तो त्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल आहे. नाशिकच्या थंडीत, अंधारात, मऊ पांघरुणातून स्वतःला बाहेर कसं काढायचं, आणि कधी काढायचं नाही, याबद्दल आहे. तुम्हाला मॅरेथॉन धावायची नसेल, नुसतं अर्धा तास चालायचं असेल, तरी यातलं बरंचसं तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवात कशी झाली

४५व्या वर्षी मी सहज स्वतःच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला आम्ही मधुमेहाचा उंबरठा म्हणतो. रोज दोन-तीन पेशंटना मी या उंबरठ्याबद्दल समजावून सांगत होते आणि स्वतः त्याच्यावर बसले होते.

दुसरं कारण जुनं आहे. माझे वडील २००१ च्या डिसेंबरमध्ये गेले. वय ५९. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले, "जरा अस्वस्थ वाटतंय" म्हणाले, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या वेळी माझी इंटर्नशिप चालू होती आणि मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. आदल्या रात्री त्यांनी मला सांगितलं होतं, "छातीत जळजळतंय गं." मी त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली होती.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच्याशिवाय समजणार नाही.

मी पळायला जायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांत मोठा विरोध आईचा होता. ती आमच्याकडेच राहते. "उन्हाळ्यात जा, पावसाळ्यात जा. थंडीत पहाटे बाहेर पडायचं नाही. तुझ्या बाबांचं काय झालं ते विसरलीस का?" डॉक्टर मुलगी आईला काय समजावणार? आणि खरं सांगायचं तर तिची भीती पूर्ण चुकीचीही नव्हती.

थंडी आणि हृदय: आईचं किती बरोबर होतं?

थंड हवा अंगाला लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीर आतली ऊब राखण्यासाठी हे करतं. पण नळी अरुंद झाली की त्यातून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि रक्तदाब वाढतो. बऱ्याच पेशंटचं बीपी हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जास्त भरतं, ते यामुळे. त्यातच पहाटे उठण्याच्या सुमारास शरीरात काही संप्रेरकं वाढलेली असतात, नाडी आणि रक्तदाब चढत असतो. हृदयविकाराचे झटके थंडीच्या दिवसांत आणि सकाळच्या वेळी जास्त येतात, हे जगभर दिसून आलेलं आहे.

म्हणून थंडीत व्यायाम करायचा नाही का? तसं नाही. नियमित व्यायामाने रक्तवाहिन्या लवचीक राहतात, साखर आणि रक्तदाब आटोक्यात येतो. धोका असतो तो आधीपासून आजार असलेल्या, पण तपासणी न केलेल्या हृदयाला एकदम कामाला लावण्यात. माझ्या वडिलांना बीपी होतं, गोळ्या ते आठवण झाली तर घ्यायचे. सिगारेट होती. आणि छातीतली जळजळ बहुधा जळजळ नव्हतीच. थंडी हा शेवटचा धक्का असेल. भिंत आधीच पोखरलेली होती.

म्हणून मी आईशी एक तह केला. आधी सगळ्या तपासण्या करेन: बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालताना हृदयाचा आलेख. सगळं ठीक आलं तरच पळेन. आलं. तेव्हा तुम्हालाही हेच सांगेन: वय चाळिशीच्या पुढे असेल, घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला असेल, मधुमेह, बीपी किंवा धूम्रपान असेल, तर बूट विकत घेण्याआधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धावण्याच्या दिवशी डोस आणि खाणं कसं सांभाळायचं, हेही आधीच विचारून घ्या.

सकाळी उत्साह येत नाही, यात तुमचा दोष नाही

पहिल्या वर्षी मी चालले आणि थोडंसं पळाले. दुसऱ्या हिवाळ्यात २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन केली. तिसऱ्या वर्षी पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलं आणि ऑक्टोबरपासून सराव सुरू केला. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे सर्वांत लांब पल्ले नेमके डिसेंबरात येतात. आणि डिसेंबर म्हणजे नाशिक. आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. द्राक्षबागांमध्ये वेलींना ऊब मिळावी म्हणून शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. तिथे माणसाची काय कथा!

गजर पाचला. पहिले पंधरा दिवस मी रोज स्वतःला विचारायचे, "आज जावंसं वाटतंय का?" आणि रोज उत्तर यायचं, "नाही." मला वाटायचं, माझ्यातच जिद्द कमी आहे. नंतर लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी प्रश्न विचारत होते.

शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक अंधारात टिकून राहतं आणि उजेड डोळ्यांवर पडला की ओसरतं. जानेवारीच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे पाचला शरीराच्या दृष्टीने मध्यरात्रच असते. शिवाय झोपेतून उठल्यावर साधारण पंधरा ते तीस मिनिटं मेंदू पूर्ण जागा नसतो. अशा अवस्थेत त्याच्याकडून कुठलाही निर्णय मागितला तर तो एकच निर्णय देणार: पांघरूण ओढ.

यातून मी शिकले ते असं. निर्णय रात्रीच घेऊन टाकायचा. सकाळी फक्त हालचाल करायची, विचार नाही.

माझ्यासाठी ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या अशा:

१. कपडे, मोजे, कानटोपी, बूट, सगळं रात्री एका खुर्चीवर ठेवायचं. अंधारात मोजा शोधताना माझी निम्मी जिद्द संपायची.

२. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो बंद करायला उठलं की लगेच मोठा दिवा लावायचा. उजेड हे फुकटचं औषध आहे.

३. घोटभर कोमट पाणी, आणि घरातच दहा मिनिटं हालचाल: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, बैठका, पायऱ्या चढउतार. याने झोप उडते, सांधे आणि स्नायू मोकळे होतात, आणि हृदयाला एकदम थंड हवेत धावण्याचा धक्का बसत नाही. हे कधीही वगळू नका.

४. दहा मिनिटांचा करार. स्वतःला सांगायचं, "दहा मिनिटं पळ. तरीही नको वाटलं तर परत ये. कुणी रागावणार नाही." अख्ख्या हिवाळ्यात मी अशी फक्त दोनदा परत आले. दोन्ही वेळा खरोखरच बरं नव्हतं.

५. सोबत. समोरच्या सोसायटीत एक शाळेतल्या बाई राहतात. त्याही नवशिक्या. साडेपाचला दूध केंद्राच्या दिव्याखाली भेटायचं ठरलं होतं. मी आले नाही तर त्या एकट्या अंधारात थांबणार, या विचाराने मी जितक्या वेळा उठले तितकी स्वतःच्या जिद्दीने कधी उठले नाही. बायकांसाठी सोबतीचं आणखी एक कारण आहे, ते वेगळं सांगायला नको. दिवे असलेला रस्ता, अंगावर चमकणारी पट्टी आणि घरी रस्ता सांगून निघणं, हे आमचे नियम होते.

६. रोजचं पान. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी धावल्याच्या दिवशी लाल गोल करायचे. चुकलेल्या दिवशी फुली मारत नव्हते, जागा कोरी सोडायचे. फुल्या मोजत बसलं की माणूस सोडून देतो.

उत्साह आधी येतो आणि मग आपण उठतो, असा आपला समज असतो. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा उलट झालं. तिसऱ्या किलोमीटरला, आनंदवल्लीच्या पुढे, अंग तापलं की तो मागून धावत यायचा.

शरीराला घाई आवडत नाही

नवशिक्यांचा उत्साह मावळतो त्याचं एक मोठं कारण थंडी नसतं. ते असतं चुकीचा वेग. पहिल्याच आठवड्यात धाप लागेपर्यंत पळायचं, अंग दुखवून घ्यायचं आणि मग "आपल्याला जमत नाही" म्हणायचं. मी पेशंटना एक सोपी कसोटी सांगते. धावताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. फक्त "हो", "नाही" एवढंच जमत असेल तर तुम्ही जास्त वेगात आहात. मी तर चढावर सरळ चालायचे.

हळू धावण्यानेच स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्या वाढतात, आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि हाडं यांना मजबूत व्हायला महिने लागतात. धोका इथेच आहे. दम म्हणतो "अजून पळ", आणि नडगी म्हणते "थांब".

माझा आठवडा साधा होता. मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते आठ किलोमीटर, एक दिवस पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, शनिवारी पूर्ण आराम, आणि रविवारी लांब पल्ला गंगापूर धरणाच्या रस्त्याने. ऑक्टोबरमध्ये रविवारचे १६ किलोमीटर होते, नोव्हेंबरमध्ये २२, डिसेंबरमध्ये एकदा ३०. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी. सरावात ४२ एकदाही नाही. इतकं अंतर सरावात धावलं तर शरीर सावरायला फार दिवस जातात.

थंडीतली हवा, कपडे आणि पाणी

कपड्यांचा माझा नियम: घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच छान ऊब वाटत असेल तर दोन किलोमीटरनंतर घामाने निथळाल, आणि थांबलात की तोच घाम अंग गार करेल. एकाच जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे, काढता येतात. सुती बनियन घाम धरून ठेवतं, म्हणून आतला थर लवकर वाळणारा हवा. कान आणि बोटं मात्र झाका. घरी आल्यावर आधी ओले कपडे बदला, चहा नंतर.

कोरडी थंड हवा वेगाने आत गेली की काहींच्या श्वासनलिका आकसतात. खोकला येतो, छाती घट्ट वाटते. दमा असलेल्यांना हे जास्त होतं. नाका-तोंडावर पातळ रुमाल बांधल्याने हवा थोडी ऊबदार आणि ओलसर होऊन आत जाते. दमा असेल तर पळण्याआधी इनहेलर घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. आणि इनहेलर खिशात ठेवा.

हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि वाहनांचा, कचरा जाळल्याचा धूर तिच्यात अडकतो. ज्या दिवशी धुरकट वास येतो, त्या दिवशी पहाटेचा हट्ट नको. ऊन चढल्यावर धावा, नाहीतर घरात व्यायाम करा.

पाण्याचं काय? थंडीत तहान कमी लागते, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातच असतं. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. याचं दुसरं टोकही आहे. लांब पल्ल्यात तहान नसताना लिटरवारी पाणी पिणंही घातक. रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, गोंधळ, अगदी झटकेही येऊ शकतात. तहान लागेल तसं, घोट घोट प्या. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर सोबत काहीतरी गोड हवं: खजूर, केळं, चिक्की. स्नायूंमधला साखरेचा साठा मर्यादित असतो आणि ३० किलोमीटरच्या आसपास बहुतेकांचा तो संपत येतो.

माझी चूक, आणि वाईट पंधरवडा

आता कबुली. डिसेंबरच्या मध्यावर माझी डावी नडगी दुखू लागली. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ यायची. पेशंट असता तर मी त्याला दोन आठवडे बसवलं असतं. पण रविवारचे २६ किलोमीटर समोर होते. मी वेदनाशामक गोळी घेतली आणि पळाले.

ही चूक दुहेरी होती. एक, दुखणं हा शरीराचा गजर आहे आणि मी तो बंद करून झोपले. दुसरी, या प्रकारच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, लांब पळताना त्या घेणं मूत्रपिंडाला इजा करू शकतं. धावण्याआधी वेदनाशामक गोळी कधीही घेऊ नका. हे वाक्य मी दवाखान्यात शंभर वेळा बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. हाडाला बारीक तडा गेला असेल तर सुरुवातीला एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एमआरआय केला. तडा नव्हता, पण हाडावर ताण आलेला होता. दहा दिवस धावणं पूर्ण बंद.

त्या दहा दिवसांत माझा सगळा उत्साह गेला. खुर्चीवरचे कपडे कपाटात गेले. कालनिर्णयवर कोऱ्या चौकटींची रांग लागली. मी ठरवून टाकलं की यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही नाही, हे मनातल्या मनात माहीत होतं.

चौथ्या रात्री मी पायावर बर्फाची पिशवी ठेवून बसले होते. आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बरं झालं, सुटलीस." मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तू बाबांसाठी पळतेस ना?"

मी म्हटलं, "मी त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली होती, आई."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं. मी ओवा दिला."

तेवीस वर्षं आम्ही दोघी एकाच घरात, एकेक गोष्ट पोटात घेऊन वावरत होतो. त्या रात्री आम्ही बाबांबद्दल जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. झोपायला जाताना ती म्हणाली, "जायचं तर जा. पण छातीत काही झालं तर लपवायचं नाही. आणि मला पण तपास एकदा." दुसऱ्या दिवशी तिचं बीपी घेतलं. १६८ वर ९६. तिने ते कधी तपासूनच घेतलं नव्हतं आणि मीही कधी आग्रह धरला नव्हता. डॉक्टरांच्या घरात असं होतं.

अकराव्या दिवशी मी गोल्फ क्लबच्या मैदानाच्या ट्रॅकवर फक्त चालले. बाराव्या दिवशी विश्रांती. तेराव्या दिवशी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. बुडालेले किलोमीटर भरून काढायचा प्रयत्न केला नाही. तो केला असता तर शर्यतीला पोहोचलेच नसते. तीस किलोमीटरचा रविवार महिन्याच्या सुरुवातीलाच झाला होता, त्याच शिदोरीवर पुढे गेले. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे तसेही अंतर कमी करायचंच असतं.

धावायचं नाही असे दिवस

उत्साह टिकवणं म्हणजे रोज हट्टाने बाहेर पडणं नव्हे. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

नुसतं नाक वाहतंय, शिंका येताहेत, पण ताप नाही आणि अंग दुखत नाही, तर हळूहळू थोडं चालायला-पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब असतील तर पूर्ण विश्रांती. तापात पळण्याने हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो. बरं वाटल्यावरही काही दिवस जाऊ द्या.

सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. माझी साधारण ६२ असते. ती ७० च्या वर गेली की मी समजते, शरीर कशाशी तरी झगडतंय, किंवा झोप अपुरी आहे. त्या दिवशी आराम.

आणि धावताना छातीत दाब, जळजळ किंवा जडपणा, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत अनियमित धडधड, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. "पोहोचू घरापर्यंत" म्हणू नका. ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन वाट बघू नका, ओवाही चघळू नका. कुणाला तरी हाक मारा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. तपासून ॲसिडिटी निघाली तर आनंदच आहे.

मुंबई

शर्यतीच्या आठवड्यात संक्रांत होती. आईने तिळाचे लाडू केले आणि चार लाडू पुडीत बांधून दिले. एक गोष्ट मला आधी कुणीतरी सांगायला हवी होती, ती तुम्हाला सांगते. आपण सराव करतो नऊ-दहा अंशांच्या कोरड्या थंडीत, आणि मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते, नऊनंतर ऊन लागतं. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मी मुद्दाम काही वेळा सकाळी दहाच्या उन्हात पळाले. शरीराला घाम गाळायची थोडी सवय झाली. तरीही सी लिंकवर सूर्य वर आला तेव्हा मला नाशिकच्या थंडीची फार आठवण झाली!

शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी चालले. आजूबाजूचे बहुतेक चालतच होते. रस्त्याकडेला एक आजी संत्र्याच्या फोडी वाटत होत्या. मी दोन घेतल्या. चढ संपल्यावर पुन्हा पळायला सुरुवात केली तेव्हा मला शर्यत आठवत नव्हती, ते दूध केंद्र आठवत होतं. दिव्याखाली हात चोळत उभ्या असलेल्या बाई आठवत होत्या.

संपल्यावर पहिला फोन आईला केला. तिने वेळ विचारली नाही. विचारलं, "छातीत काही नाही ना?"

"नाही."

"मग ये घरी."

परवा पुन्हा तपासणी केली. एचबीए१सी ५.५ आहे. आईचं बीपी गोळ्यांनी १३० च्या आसपास राहतं. ती आता रोज सकाळी साडेनऊला, ऊन आल्यावर, स्वेटर घालून सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं चालते. पहाटे नाही. तिच्या वयाला आणि तिच्या बीपीला तीच वेळ योग्य आहे. मी तिला एका वहीत गोल करायला शिकवलं आहे. तिची पानं माझ्यापेक्षा जास्त भरलेली आहेत.

थंडी पुन्हा सुरू झाली आहे. उद्या सकाळी तुम्हाला उठावंसं वाटणार नाही. मलाही वाटणार नाही. तेव्हा सकाळची वाट बघू नका. बीपी, साखर तपासून बरेच दिवस झाले असतील तर आधी ते करून घ्या. ते झालेलं असेल, तर आज झोपण्याआधी एवढंच करा: बूट दाराजवळ ठेवा, मोजे त्यांच्यात घाला, आणि कुणाला तरी फोन करून सांगा की उद्या मी येतोय, मी येतेय.